फाउंड्रीतले मामा आणि इंग्रजीतलं ऑडिट

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीतल्या सुपरवायझरचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. शॉपफ्लोअरवर त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात, म्हणून इथंही मामाच. वय पंचेचाळिशीच्या आसपास, काम सँड प्लांट आणि मोल्डिंग लाइनचं, म्हणजे ओतकामाची वाळू तयार करण्याचं आणि तिचे साचे (मोल्ड) बनवण्याचं. मी प्रौढांना इंग्रजी शिकवते, शक्यतो एका वेळी एकालाच.

शिवाजी उद्यमनगरात एके काळी शेतीपंपांची ऑइल इंजिनं बनायची आणि त्यांच्यासाठी ओतकाम व्हायचं. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांतून वाहनांचे, ट्रॅक्टरचे भाग जातात, त्यातले काही थेट देशाबाहेर. माल बाहेर जायला लागला की मागोमाग ईमेल, व्हिडिओ कॉल आणि ऑडिट, म्हणजे ग्राहकाकडून कामाची तपासणी, येतं. ते ऑफिसातल्या चार माणसांपुरतं राहत नाही. ऑडिटर लाइनवर येतो आणि काम करणाऱ्यालाच विचारतो.

मामा करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. मामांच्या पिढीला एबीसीडी भेटली ती पाचवीत. दहावीला इंग्रजीत काठावर पास, मग आयटीआय, मग फाउंड्री. मूठभर सँड आवळून ओल किती आहे हे ते सांगतात आणि लॅबचा आकडा त्याच्या जवळपासच येतो.

कंपनीला एका जर्मन ग्राहकाचं काम मिळालं होतं. सुरुवातीच्या लॉटमध्ये ब्लो होलची तक्रार आली. ग्राहकानं एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) मागितला, दर आठवड्याला व्हिडिओ कॉल ठरला, आणि दिवाळीनंतर त्यांचा माणूस प्लांट बघायला येणार असं कळलं. ब्लो होल म्हणजे कास्टिंगमध्ये (ओतून बनवलेल्या भागात) गॅस अडकून राहिलेली पोकळी. सँडमध्ये ओल जास्त झाली की तिचा धोका वाढतो. म्हणजे विषय थेट मामांच्या खात्यातला. दोषाचं कारण त्यांनी शोधलं होतं, उपायही त्यांनीच केला होता, आणि कॉलवर मात्र शेजारी बसलेला क्वालिटीचा तरुण इंजिनिअर बोलत होता. मृगाच्या सुमारास मालकांनी मामांना माझ्याकडे पाठवलं. फी कंपनीची, अट एकच: दिवाळीपर्यंत मामा बोलले पाहिजेत.

अडचण नेमकी कुठं होती

"मला समजतंय सगळं मॅडम, पण तोंडातनं निघंना झालंय." पहिल्या भेटीतलं मामांचं हे वाक्य माझ्याकडे येणारे बहुतेक जण म्हणतात, आणि त्यातलं 'समजतंय' सहसा अर्धंच खरं असतं. म्हणून मी चाचणीचा कागद पुढं केला नाही. ब्लो होलचं प्रकरण काय झालं ते मराठीतच सांगा म्हटलं, आणि ते बोलतील तसं उतरवून घेतलं.

"सँडचं मॉइश्चर वाढलं, गॅस ट्रॅप झाला. आम्ही लॉट होल्ड केला, सगळी कास्टिंगं सॉर्ट केली, मिक्सरचं वॉटर सेटिंग अ‍ॅडजस्ट केलं."

कागदावर बघितल्यावर चित्र स्पष्ट झालं. शब्दांची वाण अजिबात नव्हती. ट्रॅप, होल्ड, सॉर्ट, अ‍ॅडजस्ट ही सगळी इंग्रजी क्रियापदं मामा रोज वापरत होते, फक्त त्यांचा काळ आणि कर्ता 'केलं' आणि 'झालं' यांच्यावर सोपवलेला होता. कंट्रोल प्लॅन, ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट ते सहज वाचत. ऐकणं मात्र वाचनाच्या खूप मागं होतं आणि बोलणं त्याच्याही मागं. युरोपात भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या धरतात. मामांना त्यातल्या कुठल्याही एका पायरीवर उभं करणं खोटं ठरलं असतं.

दुसरी अडचण भाषेची नव्हतीच. लाइनवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस कॉलवर गप्प बसायचा. घरी मुलगी इंग्रजी माध्यमात, नववीला. ती चुका काढायची आणि हसायची. तिच्या हसण्यात वाकडं काही नसावं, पण मामांनी घरात इंग्रजीचं पुस्तक उघडणं बंद केलं होतं.

कोणते पर्याय होते

दुभाषा ठेवून ऑडिट करता येतं, त्यात गैर काही नाही. इंजिनिअर मुलगा हुशार होता आणि कंपनीचा कल आधी तिकडंच होता. पण त्याला सँडचा अनुभव दीड-दोन वर्षांचा. ऑडिटरनं खोलात विचारलं की तो मामांकडे वळायचा, मामा मराठीत सांगायचे, आणि इंग्रजीत येताना त्यातलं निम्मं गळायचं. वरून ग्राहकाला वाटायचं की प्रोसेस कुणाच्याच हातात नाही.

शहरातल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला मामा आधी एकदा जाऊन आले होते. कॉलेजची पोरं, फळ्यावर बारा काळांचा तक्ता, आणि 'माय फेव्हरिट हॉबी'वर दोन मिनिटं. हे क्लास ज्यांच्यासाठी असतात त्यांना उपयोगी पडत असतील. पंचेचाळिशीच्या माणसाला पोरांसमोर छंद सांगायला लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

तिसरा पर्याय मॅनेजरनी सुचवला: एट-डीचं प्रेझेंटेशन लिहून द्यायचं आणि मामांकडून पाठ करून घ्यायचं.

चौथा, कामातलंच इंग्रजी घेऊन एकट्याला शिकवायचं. माझा कौल याला होता, पण खुद्द मामांचा नव्हता. "पाया कच्चाय माझा. पहिल्यापासनं घ्या," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या लेखी इंग्रजी शिकणं म्हणजे व्याकरण, तेही क्रमानं. प्रौढ विद्यार्थ्याची अशी समजूत मोडीत काढली तर तो मान डोलावतो आणि आतून विश्वास ठेवत नाही. मग तोड काढली. तासातला शेवटचा भाग 'पाया'चा. त्यात मामांनी वहीत लिहून आणलेली व्याकरणाची शंका घ्यायची, मग ती ऑडिटच्या कामाची असो वा नसो. बाकी वेळ माझा. एक गोष्ट बघण्यासारखी होती: पहिल्या महिन्यातल्या शंका शाळेच्या पुस्तकातल्या होत्या, नंतरच्या हळूहळू कॉलवर ऐकलेल्या वाक्यांतून यायला लागल्या.

जागा कोणती हाही निर्णयच होता. कंपनीत शिकवणी घेतली असती तर लाइनवरची माणसं डोकावली असती, मामांच्या घरी लेक होती. पहिली पाळी सुटल्यावर माझ्या घरी, असं ठरलं.

काय शिकवलं आणि काय सोडलं

मामा एका पिशवीत रिजेक्ट झालेली कास्टिंगं घेऊन यायचे. टेबलावर 'पुढारी' अंथरायचा आणि त्यावर तुकडे मांडायचे. मला फाउंड्रीतलं काही कळत नव्हतं, आणि शिकवणीला त्याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला. ब्लो होल आणि श्रिंकेज यांत फरक काय, कोल्ड शट कशानं होतो, हे मी खरोखर न कळून विचारत होते आणि मामांना ते खरोखर समजावून सांगायचं होतं. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या शिक्षकापुढं प्रौढ माणूस परीक्षेला बसल्यासारखा बोलतो. इथं ते माझे गुरू होते. लोखंड थंड पडल्यावर ओतलं तर दोन प्रवाह एकजीव होत नाहीत, हे त्यांनी हातवारे करत तोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मला कळलं. त्या दिवशी व्याकरणाच्या चुका मोजल्या असत्या तर पान भरलं असतं. मी एकही काढली नाही.

चुकांचं धोरण असं ठरवलं: जिच्यामुळं ऑडिटरचा गैरसमज होईल तीच चूक सुधारायची, बाकीच्या जाऊ द्यायच्या. 'अ' आणि 'द' सोडून दिले. 'ही चेक' म्हटलं आणि शेवटचा 'स' राहिला, तरी जर्मन माणसाचं काही बिघडत नाही, त्याचीही इंग्रजी ही शिकलेलीच भाषा. दोन गोष्टी मात्र सोडता येत नव्हत्या.

पहिली, रोजची पद्धत आणि आत्ता चाललेलं काम यांतला फरक. मामा सर्रास 'वी आर चेकिंग' म्हणायचे. 'डू यू चेक मॉइश्चर एव्हरी अवर?' या प्रश्नाला असं उत्तर दिलं, तर तक्रार आल्यापासून तात्पुरतं तपासताहेत असाही अर्थ निघू शकतो. एट-डीमध्ये हा फरक फार मोठा आहे: तिसऱ्या टप्प्यात तात्पुरता बंदोबस्त असतो, पाचव्या-सहाव्यात कायमचा उपाय. नियम सांगून हे डोक्यात बसत नव्हतं. तेवढ्यात पावसानं जोर धरला आणि कोल्हापुरातल्या प्रत्येक माणसासारखे मामाही दिवसातून चार वेळा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लागले. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. मी विचारलं, आत्ता काय चाललंय? "पाणी वाढालंय." आणि दर वर्षी जुलैत? "वाढतंय की... न्हाई, वाढतं." झालं. बोलीतच फरक तयार होता. जिथं तोंडात 'करालोय' येतं तिथं 'आर चेकिंग', जिथं 'करतो' येतं तिथं 'चेक'. त्यानंतर मामा उत्तर देण्याआधी क्षणभर थांबून मनात कोल्हापुरी वाक्य म्हणायचे, हे चेहऱ्यावर दिसायचं.

दुसरी, नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. 'दिस लॉट वॉज नॉट चेक्ड?' असं कुणी विचारलं आणि लॉट तपासलेला नसला, तर मराठी माणूस म्हणतो, "हो, नाही तपासला." तो 'हो' तसाच इंग्रजीत गेला की ऐकणाऱ्याला तपासला होता असं वाटू शकतं. हे समजावत बसण्यापेक्षा सवय लावणं सोपं होतं. नुसतं 'येस' किंवा 'नो' म्हणायचंच नाही, पूर्ण वाक्य म्हणायचं: 'वी डिड नॉट चेक दॅट लॉट.'

आकड्यांचंही बघावं लागलं. 'थर्टीन' आणि 'थर्टी' कॉलवर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा सांगून मग एकेक अंक परत म्हणायचा. पोअरिंगचं तापमान १४०० असेल तर 'वन फोर झिरो झिरो'. जर्मन लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात, त्यामुळं त्यांच्या रिपोर्टातलं ३,५ टक्के मॉइश्चर म्हणजे आपलं ३.५. हे कळल्यावर मामा मनापासून हसले. इतके दिवस त्यांना ते दोन वेगळे आकडे वाटत होते.

'केलं' आणि 'झालं' यांचा पूलही इथंच बांधला. 'लॉट होल्ड केला' म्हणजे 'वी हेल्ड द लॉट', 'गॅस ट्रॅप झाला' म्हणजे 'गॅस वॉज ट्रॅप्ड'. सगळीकडे हे जुळत नाही, पण जिथं जुळतं तिथं रोजचं बोलणं एका पावलात इंग्रजी होतं.

पाठांतराबाबत मॅनेजरांशी अर्धी तडजोड केली. नमस्कार, स्वतःची ओळख आणि लाइनचं वर्णन एवढं पाठ. पुढचं सगळं फोटो बघून बोलायचं. पूर्ण पाठ करून एकदा बघितलं होतं. मध्येच मी एक साधा प्रश्न टाकला तर साखळी तुटली, आणि मामा पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू झाले.

मधला खोळंबा

गणपतीच्या आधी मामा यायचे थांबले. आधी ओव्हरटाइम, मग घरचं कार्य, मग फोनच नाही. असा विद्यार्थी सहसा परत येत नाही.

काय झालं होतं ते नंतर कळलं. कॉलवर ग्राहकानं विचारलं होतं, रीडिंग मर्यादेबाहेर गेलं तर काय करता? उत्तर मामांना झोपेतसुद्धा येतं: लाइन थांबवायची, सँड दुरुस्त करून परत टेस्ट घ्यायची, शेवटच्या ओके रीडिंगनंतरचे मोल्ड बाजूला काढायचे. ते वाक्य जुळवत होते. दोन-तीन सेकंद गेले, आणि इंजिनिअरनं उत्तर देऊन टाकलं. चांगल्या हेतूनंच. ते उत्तर पुस्तकी होतं, मोल्ड बाजूला काढायचा मुद्दा त्यात नव्हता, आणि ग्राहकानं नेमकं तेच परत विचारलं. मॅनेजर मग मराठीत म्हणाले, "मामा, राहू दे, तो सांगंल."

इथं दोन वाटा होत्या. एक म्हणजे मामांची तयारी वाढवायची, जास्त तास, जास्त सराव. पण त्यांना उत्तर येत होतं. कमी पडले होते ते काही सेकंद, आणि ते सेकंद मामांच्या हातात नव्हते, खोलीतल्या बाकीच्यांच्या हातात होते. दुसरी वाट म्हणजे कॉलची रीतच बदलायची. त्यासाठी कंपनीशी बोलावं लागणार होतं, आणि विद्यार्थ्याची अडचण फी भरणाऱ्याच्या कानावर घालणं हा नाजूक मामला. मालकांनी सुरुवातीला दर महिन्याला मार्क मागितले होते, तेव्हा मी हजेरीपलीकडं काही कळवणार नाही असं सांगितलेलं. त्यामुळं आधी मामांना फोन केला. शिकवणीबद्दल काही विचारलं नाही. मॅनेजरांशी कॉलच्या पद्धतीबद्दल बोलू का, तुम्ही समोर असताना, एवढंच विचारलं. बऱ्याच वेळानं "बोला" म्हणाले.

भेट पंधरा मिनिटांची झाली. मी तीन गोष्टी मागितल्या. सँडचा प्रश्न आला की पहिलं उत्तर मामांचं. ते थांबले तर कुणी मध्ये पडायचं नाही, मामांनी स्वतः मान वळवून मदत मागितली तरच. आणि ग्राहकाला सुरुवातीलाच सांगायचं की सुपरवायझर स्वतः उत्तर देतील, जरा सावकाश बोला. मॅनेजरांना तिसरी गोष्ट कमीपणाची वाटत होती. इंजिनिअरला ती सगळ्यात आधी पटली. पुढच्या कॉलला त्यानंच ते सांगितलं, आणि पलीकडचा माणूस खरंच सावकाश बोलायला लागला.

मामांना मी वेळ मागायची वाक्यं दिली: 'लेट मी थिंक', 'प्लीज से दॅट अगेन', 'डू यू मीन द सँड ऑर द कोअर?' यातलं शेवटचं त्यांना फार आवडलं, कारण ते विचारलं की प्रश्न आपल्या ताब्यात येतो. ही वाक्यं पहिल्या आठवड्यातच द्यायला हवीत असं माझं आता मत आहे. व्याकरणाच्या कुठल्याही धड्याआधी.

ऑडिटचे दोन दिवस

मी तिथं नव्हते. जे कळलं ते मामा आणि इंजिनिअर दोघांकडून, आणि दोघांची हकीकत थोडी वेगळी आहे.

सँड प्लांट आणि मोल्डिंग लाइनवर मामा बोलले. ओळख पाठ केलेली होती, ती घाईत उरकली. पुढं ऑडिटरनं लॅबचं रजिस्टर उघडून एका दिवसाच्या नोंदीवर बोट ठेवलं: मॉइश्चर जास्त, पण पुढच्या रकान्यात कारवाई काय? मामांनी त्याला मिक्सरजवळ नेलं, पाण्याची सेटिंग दाखवली, मोल्ड बाजूला ठेवायची पिवळी चौकट दाखवली आणि एकेक तुकड्यात सांगितलं. 'दॅट डे वी स्टॉप्ड लाइन. वी चेक्ड सँड अगेन. दीज मोल्ड्स, नॉट पोअर्ड.' 'द' कुठंच नव्हता. ऑडिटरनं लिहून घेतलं आणि पुढं गेला. मोजमाप यंत्रणेच्या आकडेवारीवर प्रश्न सुरू झाले तेव्हा मामांनी मान वळवली आणि इंजिनिअरनं सूत्र हातात घेतलं.

नोंद न केल्याबद्दल एक किरकोळ त्रुटी निघाली, ती रास्तच होती. काम ग्राहकानं चालू ठेवलं. त्याचं श्रेय इंग्रजीला देणार नाही. ब्लो होल कमी झाले होते, ते पाण्याच्या सेटिंगमुळं.

मामांचं पद आहे तेच आहे. क्वालिटी हेडची जागा मोकळी झाली, ती बाहेरून आलेल्या माणसाला मिळाली. मामांच्या आशा होत्या की नाही, मला माहीत नाही. त्यांनी विषय काढला नाही. आठवड्याच्या कॉलवर सँडचा भाग मात्र आता त्यांचाच.

वेगळं काय करता येईल

असं काम पुन्हा आलं तर मॅनेजर आणि इंजिनिअर यांच्यासोबतची बैठक पहिल्या आठवड्यात घेईन, विद्यार्थ्याच्या संमतीनं आणि त्याच्या समोर. कंपनी फी भरते तेव्हा तिच्याकडून वागण्यातला बदलही मागता येतो. सुरुवातीला ती ऐकण्याच्या मनःस्थितीत असते, घाई लागल्यावर नसते.

ऐकण्याचा सराव माझ्या आवाजात झाला, आणि मी मराठी वळणाचंच इंग्रजी बोलते. ग्राहकाच्या परवानगीनं कॉलचं रेकॉर्डिंग मिळालं असतं तर त्यातले प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकवता आले असते. परवानगी मागायलाच हवी, आणि नाही म्हटलं तर सोडून द्यावं. अशा कॉलमध्ये ड्रॉइंग आणि किमतीही असतात.

लिहिणं पूर्ण बाजूला ठेवलं होतं. वेळेच्या हिशेबात तो निर्णय मला आजही पटतो, पण त्याची किंमत आहे: एट-डी शेवटी कागदच असतो, आणि तो अजून इंजिनिअरच लिहितो. दोन सुपरवायझरांना एकत्र शिकवावं का, हाही विचार केला. सराव वाढला असता, पण मामांसारख्या माणसानं बरोबरीच्या सहकाऱ्यासमोर तोंड उघडलं असतं का, याची खात्री देता येत नाही.

ऑडिटनंतर शिकवणी थांबली. उन्हाळ्यात मामांचा मेसेज आला, इंग्रजीत, ग्राहकाला पाठवायच्या तीन ओळींचा मसुदा. पहिल्या ओळीत 'वी आर चेकिंग' होतं. मी परत विचारलं, करालोय का करतो? उत्तर आलं: "आत्ता करालोय. नवीन पॅटर्न आलाय, ट्रायल चालू हाय." म्हणजे बरोबर होतं. बाकीच्या दोन ओळी दुरुस्त करून पाठवल्या, आणि आता दर आठवड्याला एक ईमेल येतो.